महिना चुकण्याचा दुसरा अर्थ

मासिक पाळीविषयी उघड बोलायचे नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पण त्यामुळे शब्दांची टंचाई कधी पडली नाही. उलट आडून बोलण्यासाठी मराठीने केवढी तरी शब्दसंपत्ती जमवली. बाई ‘बाजूला बसते’, ‘बाहेरची होते’, तिला ‘कावळा शिवतो’, तिची ‘अडचण’ असते. आताच्या शाळकरी मुलींना ‘प्रॉब्लेम’ येतो. पाळी येण्यासाठी इतके शब्द आहेत. तरुण बाईची पाळी न येण्याला मात्र भाषेने एकच अर्थ दिला. ‘महिना चुकला’ म्हटले की पुढचे वाक्य ऐकणारा स्वतःच मनात पुरे करतो. लग्न झालेले असेल तर ‘दिवस गेले’ म्हणून तोंड गोड होते. लग्न झालेले नसेल तर घराची दारे लावून घेतली जातात.

या एका अर्थाच्या सावलीत दुसरा एक अर्थ झाकून गेला आहे. शरीर जेवढे राबते त्या मानाने त्याला अन्न पुरत नसेल, तर ते पाळी थांबवते. गर्भाशयात बिघाड नसतो, बीजांडकोश शाबूत असतात, सोनोग्राफीत काही सापडेलच असे नाही. तरी तीन-तीन, सहा-सहा महिने पाळी येत नाही. वैद्यकात याला ‘फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया’ असे लांबलचक नाव आहे. सोप्या मराठीत सांगायचे तर हा उपाशी राबणाऱ्या शरीराचा अनार्तव. माझे शिक्षण वैद्यकातले नाही. या विषयाकडे मी वळले ती गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या मुलींच्या दिनक्रमात झालेला एक बदल पाहून.

पहाटेच्या मुली

तळा हे रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे छोटे गाव, तळगडाच्या पायथ्याशी वसलेले. एका बाजूला कुड्याची लेणी आणि मांदाडची खाडी, दुसऱ्या बाजूला इंदापूरकडे मुंबई-गोवा महामार्गाला जाऊन मिळणारा रस्ता. इथल्या घरांतली पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि पाणी बायकांच्या अंगावर. कष्ट इथल्या बाईला नवे नाहीत. नवे आहे ते धावणे. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने ट्रॅक पँट घातलेल्या मुली धावताना दिसतात. काही खेळाडू असतात, पण बऱ्याचजणी पोलीस भरतीची तयारी करत असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी शारीरिक चाचणी द्यावी लागते. सेकंदावर गुण असतात. सरकारी नोकरी म्हणजे घराचे रूप पालटणे. त्यामुळे या मुली जीव तोडून धावतात, आणि त्यांनी धावावे यात मला आनंदच आहे.

अशा एखाद्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणू. वय १९, वजन ४५ किलो. साडेचारला उठून कोरा चहा, मग सहा-सात किलोमीटर धावणे, त्यावर उठाबशा, दोरीउड्या. घरी येऊन पाणी भरणे, झाडलोट. नऊच्या सुमाराला चहा आणि दोन बिस्किटे, कारण कॉलेजची एसटी गाठायची असते. दुपारी भात आणि आमटी. संध्याकाळी पुन्हा मैदान. रात्री दमून गेल्यामुळे थोडेसे खाऊन झोप. त्यात ‘वजन कमी असेल तर वेळ कमी लागेल’ असे कोणीतरी सांगितलेले. म्हणून भात अर्धा केलेला, तेल-तूप सोडलेले. चार-पाच महिन्यांत पाळी आधी लांबते, मग हलकी होते, मग येईनाशी होते.

ती कोणाला सांगते? बहुधा कोणालाच नाही. आईला सांगितले तर आई कोणता अर्थ घेईल हे तिला ठाऊक असते. मैत्रिणी म्हणतात, ‘सुटलीस! कटकट गेली.’ शिकवणारा सर पुरुष असतो, त्याच्याशी हा विषय निघत नाही. निघालाच तर ‘मेहनत चांगली चाललीय म्हणून होतं असं’ इतकेच उत्तर मिळते. तिलाही ते पटते. भरतीच्या दिवशी अडचण यायला नको, ही धास्ती प्रत्येकीला असते. गणपतीत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्या समाजात पाळी आपोआप थांबणे ही सोयच वाटते.

तासाचा ठोका

ही सोय का नव्हे, हे कळायला पाळी चालते कशी ते पाहिले पाहिजे. आपण पाळीचे घर म्हणजे गर्भाशय समजतो. तिचा ठोका मात्र मेंदूत पडतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान यांची देखरेख तोच करतो. त्यातून जीएनआरएच नावाचे संप्रेरक निघते. हे संप्रेरक शोधून त्याची रचना १९७१ मध्ये निश्चित करण्याचे श्रेय अँड्र्यू शॅली आणि रोजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळांना. मेंदूतल्या अशा संप्रेरकांवरील कामाबद्दल दोघांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा निरोप खालच्या पियुषिका ग्रंथीला मिळतो, ती बीजांडकोशांना जागे करते, बीजांडकोश इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तयार करतात आणि त्यांच्या चढउतारावर गर्भाशयाचे अस्तर वाढते व गळते. आपल्याला दिसते ती ही शेवटची पायरी.

यातली खरी गंमत एर्न्स्ट क्नोबिल यांनी ऱ्हीसस माकडिणींवरच्या प्रयोगांत १९७८ च्या सुमारास दाखवली. हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केलेल्या माकडिणींना त्यांनी हे संप्रेरक सतत, संथ धारेने दिले. काहीच झाले नाही. मग तेच संप्रेरक तासाला एकदा, थोडा वेळ, असे ठोक्याठोक्याने दिले आणि पुढची साखळी पुन्हा सुरू झाली. म्हणजे निरोप किती यापेक्षा तो कोणत्या लयीत येतो हे महत्त्वाचे. निरोगी स्त्रीच्या पाळीनंतरच्या दिवसांत साधारण तास-दीड तासाला एक ठोका पडतो. ठोके विरळ झाले की बीज पिकत नाही, इस्ट्रोजेन खाली जाते, पाळी थांबते. अवयव सगळे जागेवर असतात. ठोका तेवढा मंदावलेला असतो.

चरबी की भाकरी?

तो कशाने मंदावतो, यावर बराच वाद झाला. १९७४ मध्ये रोझ फ्रिश आणि जेनेट मॅकआर्थर यांनी मांडले की पाळी सुरू व्हायला आणि टिकायला शरीरात ठरावीक प्रमाणात चरबी लागते. पाळी टिकण्यासाठी त्यांनी २२ टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिला. कल्पना सुटसुटीत होती आणि लोकांना ती अजून आवडते. पण सगळी उदाहरणे तिच्यात बसेनात. सारख्याच चरबीच्या दोन धावपटूंपैकी एकीची पाळी नियमित आणि दुसरीची बंद, असे दिसे. शिवाय व्यायाम थांबवून मुलगी पडून राहिली, की चरबी वाढण्याआधीच पाळी परत येण्याचीही उदाहरणे होती.

दुसरा पक्ष म्हणे, दोष व्यायामाच्या ताणाचा. या प्रश्नाची उकल अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स यांनी केली. त्यांनी नियमित पाळी येणाऱ्या तरुणींना काही दिवस मोजून व्यायाम आणि मोजून अन्न दिले आणि रक्तातल्या संप्रेरकाचे ठोके मोजले. व्यायामाची भरपाई होईल इतके अन्न दिले तेव्हा ठोक्यांत फरक पडला नाही. अन्न आखडले तेव्हा पडला. २००३ च्या प्रयोगात २९ तरुणींवर अन्नाच्या वेगवेगळ्या पातळ्या तपासल्या. एका मर्यादेखाली गेल्यावर अवघ्या पाच दिवसांत ठोके विरळ झाले. पाच दिवसांत कोणाची चरबी संपत नाही. म्हणजे मेंदू साठा नव्हे, रोजची आवक-जावक पाहत होता.

याला जोड देणारा प्रयोग २००१ मध्ये नॅन्सी विल्यम्स, ज्युडी कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. माकडिणींना हळूहळू लांब पल्ला धावण्याची सवय लावली. आहार तेवढाच राहिला आणि त्यांची पाळी बंद पडली. मग धावणे कणभरही कमी न करता काहींना जास्तीचे खाणे दिले. पाळी परत आली, आणि जिने जास्त खाल्ले तिची लवकर आली. या विषयावरचे मी जे वाचले त्यात हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण ‘धावणे सोड’ हा आपल्या घरांतला पहिला उपाय त्याने अनावश्यक ठरवला.

मेंदूला शिलकीची खबर कोण देते? त्यातला एक निरोप्या लेप्टिन. चरबीच्या पेशींतून निघणारे हे संप्रेरक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. खाणे कमी झाले की ते चरबीच्या आधी, झपाट्याने उतरते. २००४ मध्ये पाळी थांबलेल्या काही सडपातळ, व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना लेप्टिन टोचून पाहिले, तेव्हा ठोके वाढले आणि काहींमध्ये बीजही पिकले. लेप्टिन एकटे नाही. थायरॉइड, कॉर्टिसॉल, इन्सुलिन असे अनेक निरोपे आहेत. परीक्षेची काळजी, अपुरी झोप, घरातला ताण हेही त्यात भर घालतात. जनुकांतला फरकही असतो, म्हणून एकाच मैदानावर तेच खाऊन तितकेच धावणाऱ्या दोघींपैकी एकीचीच पाळी थांबते.

एका दिवसाचा हिशेब

लाउक्स यांनी वापरलेला हिशेब कोणत्याही घरात मांडता येतो. दिवसाला जितके उष्मांक पोटात गेले त्यातून व्यायामात खर्च झालेले वजा करायचे. उरलेल्याला चरबी सोडून बाकीच्या शरीराच्या वजनाने भागायचे. उत्तर ४५ च्या जवळ असेल तर शरीर निश्चिंत. ३० च्या खाली गेले तर धोका.

वरच्या मुलीचे वजन ४५ किलो. त्यातली चरबी ८ किलो धरली तर उरले ३७. तिचे खाणे १५०० उष्मांकांचे आणि सकाळ-संध्याकाळचा व्यायाम ४५० चा धरू. शिल्लक १०५०. भागिले ३७, उत्तर २८. शिलकीसाठी तिला सुमारे २१०० उष्मांक खायला हवेत. रोज सहाशेची तूट आहे. त्यात पाणी भरणे, लाकूडफाटा, शेतातले काम धरलेलेच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी दिलेला अंदाज बैठ्या कामाला १६६०, मध्यम कामाला २१३० आणि जड कामाला २७२० उष्मांकांचा आहे. आपली मुलगी वजनाने हलकी असली तरी कामाने जड गटाकडे झुकते आणि जेवते बैठ्या बाईहूनही कमी.

३० ही काही दगडावरची रेघ नाही. नंतरच्या अभ्यासांनी दाखवले की प्रत्येकीची मर्यादा वेगळी असते आणि पाळी दिवा मालवावा तशी एकदम बंद पडत नाही. आधी बीज पिकणे थांबते, रक्तस्राव मात्र काही काळ येत राहतो. पण हिशेबाची दिशा तीच राहते.

तूट भरून काढायला महागडे डबे लागत नाहीत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे सुमारे १७० उष्मांक देतात. गुळाचा २० ग्रॅमचा खडा ७५, एक केळे १००, दोन अंडी १५०, पेलाभर दूध १३०. बेरीज सव्वासहाशे. हे सगळे तळ्याच्या बाजारात मिळते. अडचण दोन ठिकाणी आहे: ज्या घरात मुलीच्या पानात सर्वांत शेवटी वाढले जाते तिथे, आणि ज्या मुलीला कमी खाणे म्हणजेच शिस्त असे शिकवले गेले तिथे.

भुकेचा जुना इतिहास

व्यायामशाळा निघण्याआधीही ही गोष्ट घडत होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समधली धान्याची वाट जर्मनांनी अडवली. माणशी शिधा हजार उष्मांकांच्या खाली गेला आणि सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबली. अन्न आल्यावर काही महिन्यांत ती परतली. हिंदुस्थानातल्या दुष्काळांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासताना टिम डायसन यांना दिसले की मृत्यूंचा कळस होण्याआधीच गर्भधारणा घटू लागलेल्या असतात. त्यामागे घरे विखुरणे, पुरुष बाहेर पडणे अशी इतरही कारणे आहेत. पण भुकेल्या शरीराने आधीच दार लावून घेणे हे त्यातले एक.

शेतीच्या कष्टांचाही असाच परिणाम दिसतो. नेपाळमधल्या तामांग स्त्रियांमध्ये पावसाळ्यातल्या कामाच्या दिवसांत, विशेषतः वजन घटलेल्या बायकांमध्ये, बीजांडकोशाचे काम मंदावलेले आढळले. पोलंडच्या खेड्यांत ग्राझिना यासिएन्स्का आणि पीटर एलिसन यांना सुगीच्या जड कामात प्रोजेस्टेरॉन उतरलेले दिसले, आणि तिथल्या बायका उपाशीही नव्हत्या. हे वाचताना मला आमची आवणाची शेते आठवतात. चिखलात दिवसभर वाकून लावणी, डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, दुपारी बांधावर भाकरी-चटणी. आणि वर्षातले हेच दिवस कणगीचा तळ दिसायचे. धावणाऱ्या मुलीची पाळी आणि लावणी करणाऱ्या बाईची पाळी एकाच हिशेबाने चालते.

आपल्या जुन्या वैद्यकाने पाळी थांबण्याची नोंद घेतली होती. सुश्रुतसंहितेत नष्टार्तवाचा विचार आहे आणि त्यावर हितकर म्हणून मासे, कुळीथ, तीळ, उडीद, आंबट पदार्थ आणि दही सांगितले आहे. तिथली उपपत्ती वेगळी आहे. दोषांनी मार्ग अडला म्हणून आर्तव दिसत नाही असे तिचे म्हणणे, उपासमारीचे नव्हे. त्यामुळे ‘आपल्याकडे हे आधीच माहीत होते’ असा डंका पिटण्यात अर्थ नाही. तरी त्या यादीत उपवासाचे पदार्थ नाहीत, कोकणातल्या भरल्या स्वयंपाकघरातले आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हाडांची वसुली

आता मूळ प्रश्न. अन्न नाही म्हणून शरीराने थोडा काळ पाळी थांबवली, तर बिघडले कुठे? मूल वाढवण्याइतकी शिल्लक नसताना बीज न पिकवणे शहाणपणाचेच नाही का?

थोड्या काळासाठी, कदाचित. पण इस्ट्रोजेन फक्त गर्भाशयासाठी नसते. हाडे जपण्याचे कामही तेच करते. हाडांची बहुतेक भर विशीपर्यंत पडते आणि तिशीच्या आत ती पुरी होते. पुढचे आयुष्य त्या ठेवीवर काढायचे असते. १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी बंद असलेल्या १४ आणि नियमित असलेल्या १४ खेळाडू मुलींच्या हाडांची तुलना केली. सरासरी वय पंचविशीच्या आसपास. पाळी बंद असलेल्यांच्या मणक्यांची घनता ५१ वर्षांच्या स्त्रीइतकी निघाली. पाळी परतल्यावर हाडे थोडी सावरली, पण गेलेले पुरते भरून आले नाही.

बाहेरून हे दिसत नाही. पायाच्या नळीत दुखू लागते, मुलगी तेल चोळून धावत राहते आणि एक दिवस हाडाला बारीक चीर गेल्याचे निघते. ऐन भरतीच्या आधी मैदान सुटते. आणखीही खुणा असतात: हातपाय गार पडणे, केस गळणे, सतत सर्दी, चिडचिड, कितीही सराव केला तरी वेळ न सुधारणे. नाडीचे ठोके कमी झाले की सर म्हणतात, हृदय दमदार झाले. ते खरेही असू शकते. पण उपाशी शरीरही दिवे मंद करते तसे ठोके कमी करते.

अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात अपुरे खाणे, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे यांची त्रयी मांडली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ती रुंदावून ‘रेड-एस’, म्हणजे खेळातली सापेक्ष ऊर्जान्यूनता, अशी संज्ञा दिली. हृदय, पचन, प्रतिकारशक्ती, मन या सगळ्यांवर परिणाम होतो आणि पुरुष खेळाडूही यातून सुटत नाहीत, हे त्यात मान्य केले गेले. मुलांजवळ मात्र धोका दाखवणारी दरमहाची खूण नसते. मुलींजवळ ती आहे, आणि आपण तिला कटकट म्हणतो.

चुकीचे अर्थ, चुकीची औषधे

अशी मुलगी दवाखान्यात गेलीच तरी वाट सरळ असतेच असे नाही. गर्भ राहिला आहे का हे आधी पाहावे लागते आणि तो अपमान नव्हे, तपासणीचा क्रम आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बीजांडकोश अकाली थकणे, आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग, ही कारणे वगळावी लागतात. उपासमारीचा अनार्तव हे निदान बाकीचे सारे तपासून झाल्यावर उरणारे आहे.

सर्वांत घोटाळ्याची जागा म्हणजे पीसीओएस. त्यातही पाळी लांबते, आणि सोनोग्राफीतले बीजांडकोश दोन्हीकडे सारखेच दिसू शकतात. पण पीसीओएसच्या बऱ्याच जणींना वजन उतरवा, व्यायाम वाढवा असा सल्ला मिळतो. तोच सल्ला ४५ किलोच्या धावणाऱ्या मुलीला मिळाला तर आगीत तेल. म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगावे: मी रोज इतके धावते, इतके खाते, वर्षभरात इतके वजन उतरले.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की दरमहा रक्तस्राव होतो आणि घरचे निर्धास्त होतात. तो गोळी थांबवल्यामुळे येणारा स्राव. मेंदूतला ठोका सुरू झाल्याची ती खूण नव्हे. केवळ पाळी दिसावी किंवा हाडे सुधारावीत एवढ्यासाठी या गोळ्या देऊ नयेत, असे एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. पहिला उपचार अन्न, विश्रांती आणि मनावरचा भार हलका करणे. पुरेशी वाट पाहूनही पाळी आली नाही तर इस्ट्रोजेन त्वचेवाटे, प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने थोडा काळ देण्याचा पर्याय आहे. तो तज्ज्ञाने ठरवायचा.

आणि विवाहित तरुणींसाठी एक इशारा: पाळी बंद म्हणजे गर्भ राहणार नाही, असे धरून चालू नये. पाळी परतताना बीज आधी पिकते, रक्तस्राव नंतर येतो.

तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टर गाठावा. अन्न वाढवल्यावर ती आठ दिवसांत येत नाही. कित्येक महिने लागतात, आणि त्या काळात वजनकाटा थोडा वर सरकतो. त्याला घाबरायचे नसते.

कोणाची सोय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के, म्हणजे पाचातली एक, उंचीच्या मानाने कमी वजनाची आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. परदेशांतली बहुतेक चर्चा पोटभर अन्न समोर असताना न खाणाऱ्या मुलींविषयी असते. आपल्याकडे मैदानावर येणारी मुलगी पुष्कळदा आधीपासूनच तुटीत असते आणि तिच्यावर व्यायामाचा खर्च चढतो. वजनी गटांचे खेळ त्यात भर घालतात. कुस्तीत काय चालते ते २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटात १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने विनेश फोगाट बाद झाली तेव्हा सगळ्या देशाने पाहिले. कबड्डी तर रायगडच्या मातीतला खेळ. त्यात लहान वयोगटांना वजनाची अट असते आणि स्पर्धेच्या आधी मुली जेवण सोडतात.

दुसऱ्या टोकाला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रिया आहेत. पाळीमुळे खाडा, खाड्यामुळे दंड. आणि गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण इतके की २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. तपासलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. धावणाऱ्या मुलीची गोष्ट आणि ही गोष्ट एक नव्हे. एकीत शरीर आपण होऊन थांबते, दुसरीत अवयव कापला जातो. पण दोन्हींच्या मागे एकच समजूत आहे: पाळी म्हणजे कामातला अडथळा, तो गेला तर बरेच.

दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले, अश्लीलतेचे खटले सोसून. शरीराविषयी न बोलल्याने शरीराचे नुकसान होते, हे त्यांचे साधे म्हणणे होते. आता तसे खटले होत नाहीत, आणि तरीही पहाटे धावणारी मुलगी आईला ‘तीन महिने आली नाही’ असे सांगू शकत नाही.

करण्यासारखे फार अवघड नाही. मुलींना धावायला शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत वेळ आणि अंतर यांच्याशेजारी पाळीच्या तारखेचा रकाना हवा. सरांना विचारायला संकोच वाटत असेल तर तो एखाद्या ताईने, आशा सेविकेने भरावा. मैदानावरून परतल्यावर तासाभराच्या आत काहीतरी पोटात जावे, मग ते शेंगदाणे-गूळ का असेना. घरातल्या पानांचा क्रम बदलावा. आणि लेकीने ‘महिना चुकला’ म्हटले, तर आईने दारे लावण्याआधी एवढेच विचारावे, ‘बाळे, हल्ली तू जेवतेस किती?’